पुण्याची वेताळ टेकडी : आईला कोणत्या वाटेने नेऊ? आणि वाटा इतक्या रुंद का होतायत?

पांगारा | २४ मे, रात्री ९:४०

मंडळी, एक सरळ प्रश्न आहे आणि एक मनात सलणारा.

सरळ प्रश्न आधी. माझी आई ७३ वर्षांची. मागच्या वर्षी दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. त्याआधी जवळजवळ पंचवीस वर्षं ती रोज पहाटे कांचन गल्लीतून टेकडीवर चढायची, वेताळबाबाला नमस्कार करून खाली यायची आणि मग आमचे डबे करायची. आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारते. सपाटीवर आणि थोड्या चढावर चालायला डॉक्टरांनी हरकत घेतलेली नाही. परवा जेवताना एकदम म्हणाली, "खाणीत पाणी किती उरलंय कोण जाणे." टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीबद्दल. पुढे काही बोलली नाही, पण मला समजलं. तर चढ कमी, पायाखाली गोटे कमी आणि मध्ये टेकायला जागा, अशी वाट कोणती?

आता दुसरा. वाट पाहून ठेवावी म्हणून रविवारी मी एकटीच जाऊन आले, चार वर्षांनी. चढ संपून झाडी सुरू होते तिथे पूर्वी एका माणसापुरती वाट होती, दोन्हीकडचं गवत पोटऱ्यांना लागायचं. तिथे आता पाच वाटा आहेत, एकमेकींना खेटून, आणि मधलं गवत नाहीसं झालंय. एका हिवराची मुळं उघडी पडलीत, लोक त्यांचा पायरीसारखा उपयोग करतात. माणसं वाढली हे दिसतंच आहे. पण तेवढंच कारण आहे का?

---

डहाणूकर_कॉलनीवाला | २४ मे, रात्री १०:०५

ताई, आईंना एआरएआयच्या (टेकडीवरची वाहन संशोधन संस्था) बाजूने न्या. गाडी बरीच वरपर्यंत जाते, त्यामुळे मुख्य चढ वाचतो. तिथून खाण जवळ आहे. मी दहा-पंधरा मिनिटांत पोचतो, आईंच्या चालीने अर्धा तास धरा. वाट रुंद आणि बहुतेक सपाट. फक्त रविवारी सकाळी सातनंतर गाडी लावायला जागा मिळत नाही, मधल्या वारी जा.

---

सालई | २४ मे, रात्री १०:३०

वर सांगितलेली वाट बरोबर आहे, पण वेळेचंही बघा. फेब्रुवारी ते एप्रिल टेकडी जवळजवळ उघडी असते. गिरिपुष्पाची पानं गळलेली, सालई-मोईच्या झाडांवरही पान नाही. आता मेअखेर थोडी पालवी आहे, तरी साडेआठनंतर ऊन चटके देतं. पहाटे साडेपाच-सहाला निघा. येताना सूर्य पाठीशी ठेवता येईल का तेही बघून ठेवा, कारण उतारावर डोळ्यांवर ऊन आलं की पाय चुकतो. माझ्या सासऱ्यांबरोबर जाताना हे शिकले.

सगळ्यात छान दिवस ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर. पण आईंना आत्ता जायचंय, तर आत्ताच न्या. मन झालेलं असतं तेव्हाच पाय उचलतात.

---

भूजल | २५ मे, सकाळी ७:१५

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, थोडं लांबेल.

वाट रुंद होण्याला माणसांची संख्या कारणीभूत आहेच, पण त्याहून जास्त कारणीभूत पाणी आहे. पाय पडून पडून माती दबते. दबलेल्या मुरमात पाणी मुरत नाही, वरून वाहतं. टेकडीवर बऱ्याच वाटा सरळ उताराच्या दिशेने गेल्यात, आडव्या वळणाने नाहीत. त्यामुळे पावसाळ्यात वाट हाच ओहोळ होतो. मधोमध ओघळ पडतो, गोटे उघडे पडतात. मग चालणारा ओघळ टाळून कडेच्या गवतावरून जातो. दुसऱ्या वर्षी ती कड दबते, तिथेही ओघळ. तिसऱ्या वर्षी त्याच्याही पलीकडून. पांगारा यांनी मोजलेल्या पाच वाटा अशाच तयार झालेल्या असणार, पाच पावसाळ्यांच्या.

एक साधा हिशोब करा. वाट एक मीटर रुंद, शंभर मीटर लांब. तिच्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर २,००० लिटर पाणी पडतं. वाट पाच मीटर रुंद झाली की तेच १०,००० लिटर, म्हणजे सोसायटीत येतो तो एक मोठा टँकर. एका सरीत. त्यातलं फारच थोडं मुरतं, बाकीचं माती घेऊन खाली गटारात.

आपली टेकडी बेसॉल्टच्या थरांची आहे. काही थर घट्ट काळ्या दगडाचे, काही जाळीदार, भेगाळलेले. त्या भेगांतून मुरलेलं पाणी पायथ्याच्या विहिरींना आणि बोअरना पुरतं. म्हणून वनखात्याने उतारावर सलग समतल चर खणलेत, पाणी अडून जिरावं म्हणून. आणि त्या चरांना छेद देऊन आपण सरळ खाली उतरणाऱ्या वाटा पाडतो. माझी ही तक्रार जुनी आहे.

---

पळणारा_पाय | २५ मे, सकाळी ८:०२

भूजल, हे कधी कोणी असं समजावून सांगितलं नव्हतं. मी आठवड्यातून चार दिवस टेकडीवर पळतो. गर्दी दिसली की बाजूच्या गवतातून निघून जायचं ही सवयच होती. त्या वीस मीटर गवताचं काय होत असेल, असा विचार कधी मनात आला नाही. आजपासून मागे थांबून "काका, जरा वाट" म्हणेन.

पण चालणाऱ्यांनाही एक विनंती. चौघे-पाच जण हातात हात घालून पूर्ण वाट व्यापून चालू नका. एका ओळीत चाललात तर आम्हालाही गवतात शिरावं लागणार नाही.

---

शांता_मावशी | २५ मे, सकाळी ८:२०

एका ओळीत चालायचं तर गप्पा कशा मारायच्या? 😀 (पण पटलं.)

---

अण्णा_एरंडवणे | २५ मे, सकाळी ११:४५

मी ७८ वर्षांचा. माझं मत जरा वेगळं आहे, रागावू नका.

या धाग्यावर सगळे गवताचं बोलताहेत. वाटेवर गोटे आणि घसारा असल्यामुळे माझ्या वयाचे कितीतरी लोक टेकडी सोडून बसलेत. माझे तीन मित्र सोडून बसले. एकजण घसरून मनगट मोडून घेतल्यावर. त्यांना टेकडीची गरज तुमच्याइतकीच आहे, थोडी जास्तच. चांगला सिमेंटचा रस्ता, दोन ठिकाणी कठडा आणि दर दोनशे पावलांवर बाक का नको? एकच पक्की वाट असेल तर लोक तिच्यावरूनच चालतील आणि तुमचं गवतही वाचेल.

---

सालई | २५ मे, दुपारी १२:१०

अण्णा, रागावणं कसलं. तुमचा शेवटचा मुद्दा खराच आहे. चालायला सोपी वाट एकच असेल तर माणूस तीच धरतो. अडतं ते सिमेंटपाशी. सिमेंटवर पडलेलं सगळं पाणी कडेने धो धो वाहतं आणि दोन पावसाळ्यांत त्या कडा खचतात. शिवाय मुरमाच्या मऊ जमिनीवर चालणं गुडघ्यांना सिमेंटपेक्षा बरं पडतं, हे माझ्या सासऱ्यांचंच सांगणं.

---

रत्नांग्रीचा_बाबल्या | २५ मे, दुपारी २:३०

अहो, या दोन्हीच्या मधलं उत्तर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पाखाडी! 

कोकणात वाडीतून खाली व्हाळाकडे (ओढ्याकडे), देवळाकडे उतरायला जांभ्याच्या पायऱ्या असतात. सिमेंट नाही, चुना नाही. दगडाला दगड बसवलेला, मधल्या फटींत पाणी जिरतं, कडेला शेवाळ आणि नेचे वाढतात. पायरी मुद्दाम लांब आणि उंचीला कमी, कारण डोक्यावर हंडा किंवा भारा घेऊन उतरायचं असतं. आमच्या आजीने ऐंशीव्या वर्षापर्यंत त्याच पाखाडीवरून पाणी आणलं. तिला कठडा कधी लागला नाही.

आणि दर काही पायऱ्यांनी एक दगड तिरका आडवा घालतात, पाणी बाजूच्या आगरात वळवायला. दरवर्षी मृगाआधी वाडीतली माणसं जमून निसटलेले दगड पुन्हा बसवतात. तुमच्या टेकडीवर जांभा नाही, पण काळ्या दगडाला काय तोटा?

---

भूजल | २५ मे, दुपारी ३:००

बाबल्या, अगदी हेच! तुमचा तिरका आडवा दगड वाटेतलं पाणी दर दहा-पंधरा मीटरवर बाजूच्या गवतात सोडतो, मग त्याला ओघळ पाडण्याइतका वेगच येत नाही. टेकडीवर जुन्या वाटांवर असे एक-दोन दगड अजून दिसतात. कोणी घातले कोण जाणे, पण ज्याने घातले त्याला पाणी कळत होतं.

सगळ्यांना एक सूचना मात्र : टेकडी वनखात्याच्या ताब्यात आहे. उत्साहाने स्वतःच दगड हलवायला जाऊ नका. खात्याशी बोलून, वनरक्षकांना बरोबर घेऊनच.

---

पल्लवी_उत्तर_लंडन | २५ मे, संध्याकाळी ६:५०

मी मूळची गोखलेनगरची, हनुमान टेकडीवर लहानाची मोठी झाले. आता लंडनमध्ये हायगेट वूडच्या जवळ राहते. हे सुमारे २८ हेक्टरचं रान चारही बाजूंनी शहराने वेढलेलं आहे. ओक आणि हॉर्नबीमची जुनी झाडं. १८८६ पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे आणि सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशन त्याची निगा राखतं. इथेही हाच त्रास. माती तुडवली जाते, खाली नवीन रोप उगवतच नाही. वरून बघाल तर जंगल हिरवंगार, पण सगळी झाडं म्हातारी, पोरंबाळं नाहीत.

त्यावर त्यांनी केलं ते असं : रानाचा एक तुकडा साध्या लाकडी कुंपणाने काही वर्षं बंद ठेवायचा. दाट सावली करणारी थोडी झाडं कमी करायची, म्हणजे ऊन जमिनीपर्यंत पोचतं. मग मातीत पडून राहिलेलं बी उगवतं. माझ्या रोजच्या वाटेवर असा एक तुकडा आहे. मी इथे राहायला आले तेव्हा तिथे उघडी माती दिसायची. आता आत नजर जात नाही इतकी गच्च रोपं आहेत. कुंपण माझ्या कमरेएवढंच आहे, कोणीही ओलांडू शकेल. ओलांडत नाहीत, कारण आत काय चाललंय याची पाटी लावलेली आहे आणि बाजूची वाट चांगली आहे.

आईंना सांगा, खाणीचा फोटो मलाही हवा आहे.

---

धनेश_बघणारा | २६ मे, सकाळी ६:३०

वाटेबाहेर चालण्याबद्दल आणखी एक, जे सहसा कोणी बोलत नाही. रातवा नावाचा पक्षी टेकडीवर आहे. तिन्हीसांजेला बर्फावर गोटी घरंगळत गेल्यासारखा त्याचा आवाज येतो. हा पक्षी घरटं बांधत नाही. सरळ जमिनीवर, पालापाचोळ्यात अंडी घालतो आणि त्यांवर बसून राहतो. रंग असा की दोन पावलांवरून दिसत नाही. टिटवीही उघड्यावर गोट्यांत अंडी घालते. हे दिवस त्यांच्या विणीचे आहेत. पाच वाटांपैकी चार वाटा म्हणजे ह्यांच्या घरातून गेलेल्या वाटा.

आणि जाता जाता आनंदाची बातमी : काल खाणीकडच्या झाडीत नवरंग दिसला! पावसाच्या पुढे-मागे येतो. पाचोळ्यात उड्या मारत किडे शोधत होता. मी पंधरा मिनिटं झाडाला टेकून उभा होतो, हललो नाही.

---

मोकळा_श्वास | २६ मे, सकाळी ९:१०

मग कुत्र्यांचंही बोला. मोकळी सोडलेली पाळीव कुत्री मोरांच्या मागे धावताना मी आठवड्यातून दोनदा तरी बघतो. "तो काही करत नाही" हे मालकाला माहीत असतं, लांडोरीला नाही.

---

टिपूची_आई | २६ मे, सकाळी ९:४५

माझ्याकडे कुत्रा आहे आणि तुमचं म्हणणं मला मान्य आहे. टिपू कायम पट्ट्याला असतो. रातव्याबद्दल आज पहिल्यांदा वाचलं. आता पट्टा लांब सोडायचीही सवय बंद.

---

खैर_आणि_धावडा | २६ मे, दुपारी १:१५

पल्लवी यांनी जमिनीपर्यंत पोचणाऱ्या उन्हाचा मुद्दा काढलाय, म्हणून लिहितो. आपल्या टेकडीवरची अर्धीअधिक हिरवळ गिरिपुष्पाची. मध्य अमेरिकेतलं झाड. हिरवाई पटकन यावी म्हणून काही दशकांपूर्वी पुण्याच्या टेकड्यांवर भरपूर लावलं गेलं. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, फांदी रोवली की जगते. पण त्याच्याखाली आपली झाडं फारशी येत नाहीत, पक्षी त्यावर घरटी फार करत नाहीत. उंदीरमारी हे त्याचं दुसरं नाव उगाच नाही पडलेलं. माझं स्पष्ट मत आहे : टप्प्याटप्प्याने काढा आणि सालई, मोई, मेडशिंग, कांडोळ, हिवर, धावडा येऊ द्या.

---

अण्णा_एरंडवणे | २६ मे, दुपारी ३:२०

खैरसाहेब, ही टेकडी उघडीबोडकी होती तेव्हा मी तरुण होतो. मार्चमध्ये वर बघवत नव्हतं, नुसतं पिवळं गवत आणि दगड. गिरिपुष्प आलं म्हणून सावली आली. आता ते परकं म्हणून एकदम तोडायचं, हे मला जड जातं. फेब्रुवारीत त्याला गुलाबी फुलं येतात तेव्हा शिंजिर पक्षी आणि मधमाश्या तुटून पडलेल्या मी रोज बघतो.

---

खैर_आणि_धावडा | २६ मे, दुपारी ४:००

अण्णा, फुलांचं खरं आहे, ते मी लिहायला हवं होतं. एकदम तोडू नये हेही मान्य. पण ती "उघडीबोडकी" टेकडी रिकामी नव्हती. गवताळ माळ हेही एक घरच आहे. चंडोल, लावे, ससे गवतात राहतात. सगळीकडे झाडंच हवीत असं नाही. जिथे खोल माती आहे तिथे झाडी, माथ्याच्या कातळावर गवत. जुलैत त्या पातळ मातीत पांढरी मुसळी उगवते, कडेच्या झुडपांवर कळलावी चढते. दाट गिरिपुष्पाखाली यातलं काही दिसायचं नाही.

---

डहाणूकर_कॉलनीवाला | २६ मे, संध्याकाळी ५:३०

आणि गवत म्हटलं की वणवा. उन्हाळ्यात एका विडीने उतारच्या उतार जळतो. वनखातं जाळरेषा (आग अडावी म्हणून गवत काढलेला पट्टा) काढतं, पण ती ओलांडून आग गेलेली मी पाहिली आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही सहा-सात जण हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवत होतो. कृपा करून वर धूम्रपान नको, दिवा-उदबत्ती पेटती सोडून येणं नको.

---

माहीमचा_मासा | २७ मे, सकाळी १०:२०

मुंबईकर आहे, पण राहवत नाही. आमच्याकडे धारावीला मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, साधारण ३७ एकर. आधी तिथे शहराचा कचरा टाकत. त्या ढिगाऱ्यावर माती पसरून झाडं लावली, १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं. आत पायवाटा ठरलेल्या आहेत आणि बाकीचं रान रानासारखं वाढू दिलेलं आहे. मी मुलीला पहिल्यांदा नेलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हॉर्न ऐकू येतोय पण रस्ता कुठाय?" कचऱ्यावर जंगल उभं राहू शकतं, तर तुमच्याकडे तर मुळातच डोंगर आहे!

---

संत्रानगरी | २७ मे, दुपारी १२:४०

आमच्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सची आठवण आली. लहानपणी बालोद्यानातल्या वनबाला गाडीत बसायचं आणि मग झाडीतून पायी परत. अजूनही माहेरी गेले की पहाटे चक्कर मारते. तिथेही मधल्या वाटा वाढल्या आहेत बाप्पा. इथला पाखाडीचा उपाय लिहून घेतला.

---

रस्ता_नको | २७ मे, रात्री ८:५०

तुम्ही पायवाटांवर चर्चा करताय, पण टेकडीतून जाणारा बालभारती ते पौड फाटा हा प्रस्तावित रस्ता आणि बोगदे झाले तर टेकडीचं काय होणार? एप्रिल २०२३ मध्ये शेकडो लोक टेकडी वाचवा म्हणून रस्त्यावर उतरले, मीही होतो. आधी ते बोला.

---

रोज_अडकणारी | २७ मे, रात्री ९:१५

मी रोज लॉ कॉलेज रस्त्यावर पाऊण तास अडकते. मला टेकडी आवडत नाही असं नाही. पण रस्त्याची गरज ज्यांना वाटते ते सगळे टेकडीचे शत्रू आहेत असं बोललं जातं तेव्हा वाईट वाटतं.

---

रस्ता_नको | २७ मे, रात्री ९:४०

शत्रू कोणी म्हटलं नाही ताई, आणि माझ्या बोलण्यातून तसं वाटलं असेल तर माफ करा. माझं म्हणणं एवढंच की रस्ता रुंद केला की काही वर्षांत तो पुन्हा भरतो, टेकडी मात्र एकदा कापली की परत जोडता येत नाही. बसगाड्या वाढल्या पाहिजेत, त्या मागणीसाठी मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

---

सालई | २७ मे, रात्री १०:००

दोघांना विनंती, यासाठी वेगळा धागा काढूया का? मी तिथे नक्की लिहीन. इथे पांगाराताईंची आई अजून पार्किंगमध्येच फेऱ्या मारतेय.

---

पांगारा | २८ मे, सकाळी ७:००

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सगळं वाचून कालची रात्र फार चांगली गेली. आईलाही मोठ्याने वाचून दाखवलं. पाखाडीचं ऐकून ती म्हणाली की तिच्या मामाच्या गावी, संगमेश्वराकडे, अशीच होती. अण्णांना तिने नमस्कार सांगितलाय. "त्यांना म्हणावं, बाकाचं मलाही पटतं."

एकदा पाऊस पडून धूळ बसली की जाऊ असं ठरलंय. सध्या ती रोज जिन्याच्या आठ पायऱ्या चढून सराव करतेय.

---

धनेश_बघणारा | १२ जून, सकाळी ६:१०

धागा वर आणतो. आज १२ जून. १९०५ मध्ये याच दिवशी फर्ग्युसन कॉलेजच्या मागच्या टेकडीवर गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. आज सकाळी तिकडूनच आलो. रात्रीच्या पावसाने सगळं धुतलेलं, मृगाचे लाल मखमली किडे वाटेवर. बघून पाय टाका.

पांगाराताई, झालं का जाणं?

---

पांगारा | १४ जून, रात्री ८:३०

झालं! आज सकाळी जाऊन आलो. शनिवारी गर्दी असेल म्हणून धाकधूक होती, पण पाच पन्नासला वर होतो, त्यामुळे निवांत.

गाडी लावून एआरएआयच्या बाजूने आत शिरलो. आईच्या हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. पहिली शंभर पावलं ती नुसती खाली बघून चालली. मग हळूहळू खांद्यावरचा हात सुटला. मी काही बोलले नाही. मध्ये दोनदा दगडावर बसलो. अण्णा, तिसऱ्या ठिकाणी खरंच बाक हवा होता.

एका झाडाखाली ती थांबली, वाकता येत नाही म्हणून काठीने एक वाळलेली शेंग पुढे सरकवली आणि मला उचलायला सांगितली. बाक आलेली, शिंगासारखी. "मेडशिंग. मेंढ्याच्या शिंगासारखी म्हणून. माझ्याबरोबर येणाऱ्या कुलकर्णीबाईंनी दाखवलं होतं." कुलकर्णीबाई आता नाहीत. शेंग आणली आहे, देवघराच्या फळीवर ठेवली आहे.

खाणीत पाणी आहे, तळाशी, मातकट. कडेला दोन टिटव्या ओरडत होत्या, म्हणून आम्ही जवळ गेलो नाही, लांबूनच बघितलं. आई बराच वेळ उभी राहिली. मी बसायला सांगितलं तर म्हणाली, "बसले की दिसत नाही."

परत येताना एका ठिकाणी वाटेत चिखल होता. मी सवयीने कडेच्या गवतावर पाय टाकणार, तर तिने काठी आडवी धरली. "मधूनच चल, चपला धुता येतात." भूजल, तुमचं पोस्ट तिच्या लक्षात राहिलं होतं.

पल्लवी, फोटो पाठवलाय.

---

पल्लवी_उत्तर_लंडन | १४ जून, रात्री ९:२०

मिळाला. आईंचा काठी धरलेला हात त्यात आलाय, तो मुद्दाम कापू नका.

---

भूजल | १५ जून, सकाळी ७:४०

ताई, काठीचं वाचून फार बरं वाटलं. या धाग्यानंतर आम्ही तिघेजण वनरक्षकांना भेटलो. त्या पाच वाटांपैकी कडेच्या दोन वाटांवर काटेरी फांद्या आडव्या टाकून बघायला त्यांनी होकार दिलाय, त्यांच्या माणसाबरोबर. रविवार, २२ जून, सकाळी सहा. आडव्या दगडांचं पाऊस संपल्यावर बोलू म्हणाले.

---

खैर_आणि_धावडा | १५ जून, सकाळी ८:०५

येतोय. पण गिरिपुष्पाची ओली फांदी कोणी टाकू नका, या पावसात ती तिथेच मूळ धरेल आणि आपण वाट बंद करता करता लागवड करून बसू. बाभळीच्या वाळक्या फांद्या घ्या.

---

पळणारा_पाय | १५ जून, सकाळी ८:३०

मी आणि आमच्या गटातले चौघे येतो. हातमोजे घेऊन.

---

अण्णा_एरंडवणे | १५ जून, सकाळी १०:००

मला फांद्या ओढता येणार नाहीत. पण मी वाटेच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसेन आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन की कडेची वाट का बंद केली आहे. पांगाराबाई, आईंना विचारा, दुसरी खुर्ची आणू का?

---

पांगारा | १५ जून, सकाळी १०:१२

विचारलं. खुर्ची आणा म्हणाली. चहाचा थर्मास तिच्याकडे.